हळू वाजवायला शिकलेल्या माणसाला

अहो,

तुमची तेरवी झाली. मांडव निघाला, भाड्याची भांडी परत गेली, पाहुणे आपापल्या गावी गेले. आपला प्रशांत तेवढा अजून आहे. येणारा प्रत्येक जण तुमच्याबद्दल चांगलंच बोलून गेला. कोराडीच्या वीज केंद्रात इमानेइतबारे नोकरी केली, कोणाच्याही अडीअडचणीला धावून जायचे, कधी कोणाचं मन मोडलं नाही. मी मान हलवत होते आणि मनात म्हणत होते, हे भलत्याच कोणाचं चाललंय. माझ्या ओळखीचा माणूस चांगला हट्टी होता. डाव्या कानानं कमी ऐकायचा, म्हणून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलायचा. आणि त्याचं-माझं एक भांडण अर्धंच राहिलं आहे.

ते भांडण पुढे न्यायला बसले आहे. माझं अक्षर ओळीच्या शेवटी बारीक होत होत मुंगीएवढं होतं. तुम्ही भिंग घेऊन वाचायचात आणि म्हणायचात, 'शाळेतल्या पोराईले अक्षरावरून मारत होती ना तू? आता भोग.' मी कधी कोणाला मारलं नाही, हेही तुम्हाला ठाऊक होतं.

पण भांडणाच्या आधीचं आधी. तुम्हाला सगळं माहीत आहे, तरी मला पुन्हा एकदा आठवायचं आहे.

मी स्वयंपाकघरातून पोह्यांची बशी घेऊन येत होते. उंबरठ्याशी आले आणि पाय जमिनीला चिकटले. दुखलं नाही, चक्कर आली नाही. पाय उचल म्हणून आतून सांगत होते आणि पाय ऐकत नव्हते, एवढंच. तुम्ही पेपरातून मान वर केली.

"काहून थांबली वं?"

"मी नाही थांबले. पाय थांबले."

तुम्हाला वाटलं मी थट्टा करते आहे. मग मी म्हटलं, "अहो, मले पाय उचलत नाही," आणि तुम्ही पेपर टाकून उठलात. नंतर तुम्ही सांगितलंत, मी घाबरले आहे हे तुम्हाला माझ्या 'मले'वरून कळलं. उमरेडच्या आमच्या घरी सगळे मले-तुलेच बोलायचे, पण प्राथमिक शाळेत शिकवायला लागल्यावर मी ते सोडलं होतं. आयुष्यभर तुमचंही 'मला' करायला बघितलं. तुम्ही एकच उत्तर द्यायचात, "तुले समजलं ना? मंग झालं."

शहरात सदर भागातल्या डॉक्टरांनी पार्किन्सन सांगितलं. आपल्या भाषेत कंपवात. परत येताना बसमध्ये तुम्ही खिडकीतून बाहेर बघत राहिलात. कोळशाच्या ट्रकांच्या मागे आपली बस रखडत होती. घरी आल्यावर तारेवरचे कपडे काढलेत, त्यांवर बसलेली वीज केंद्राची राख झटकलीत, घडी करून ठेवलेत. लग्नापासून तुम्ही कधी कपड्यांची घडी केली नव्हती. आता सांगते, त्या घड्या इतक्या वाईट होत्या की मी त्या दुसऱ्या दिवशी तशाच कपाटात ठेवल्या. मोडाव्याशा वाटल्या नाहीत.

तुमची खंजिरी तेव्हा भजन मंडळापुरती होती. मंडळातले सगळे वेगाचे भक्त. जो सगळ्यांत जलद वाजवेल तो मोठा, आणि तुम्ही मोठे होता. एका सकाळी तुम्ही ओट्यावर बसून सराव करत होता आणि मी आतल्या खोलीच्या दारात अडकले होते. हाक मारायची लाज वाटत होती. रोज किती वेळा मारायची? मी चौकटीला धरून उभी राहिले. तेवढ्यात तुमची बोटं भरात आली आणि माझा उजवा पाय आपोआप उचलला गेला. मी तिथंच टाकला, मग डावा उचलला. दोन पावलं टाकून मी पुन्हा थांबले, कारण तुम्ही पाणी प्यायला थांबला होतात.

मी ओरडले, "वाजवा!"

"आं?"

"वाजवा म्हणते ना!"

तुम्ही घाबरून वाजवायला लागलात आणि मी धडपडत, जवळजवळ पळत, तुमच्या अंगावर येऊन आदळले. तुमचा वेग माझ्या पायांना झेपणारा नव्हता. पण ओट्यावर आपण दोघं एकमेकांना धरून बसलो आणि तुम्ही म्हणालात, "बाप्पा! हे काय झालं?" मला ते अजून नीट सांगता येत नाही. डॉक्टरांनी नंतर समजावलं, आतून निघणारा हुकूम अडतो तेव्हा बाहेरचा ठेका पायांना वाट दाखवतो. पण ते समजण्याच्या आधीच आपण रोज सकाळी सुरू केलं होतं.

अडचण एकच होती. तुम्हाला हळू वाजवता येत नव्हतं.

हसू नका. चाळीस-चाळीस भजनं एका दमात वाजवणारा माणूस, पण हळू म्हटलं की चुकायचा. दोन ठोक्यांच्या मधली जागा तुम्हाला सहन व्हायची नाही, तिथं काहीतरी कोंबायचात. मी म्हणायची, "हळू." तुम्ही म्हणायचात, "हळूच तर वाजवून राहिलो. अजून किती हळू पाहिजे तुले?" शिवाय खंजिरीच्या त्या चकत्यांची छनछन माझ्या डोक्यात जायची. एक दिवस चिडून मी जेवणाच्या टेबलावर तळहातानं वाजवून दाखवलं. दोन ठोके दबके, तिसरा भरीव. माझा हात थरथरत होता, तरी ठोका चुकला नाही.

"हे कुठलं?" तुम्ही विचारलंत.

"आमच्या बाबांचा माग."

उमरेडला आमच्या पुढच्या खोलीत हातमाग होता. बाबा पायाखालची पट्टी दाबायचे, धोटा इकडून तिकडे जायचा, मग फणी ठोकायची. पाय, धोटा, फणी. त्या आवाजात मी पाढे पाठ केले, झोपले, तापात पडून राहिले. तुमच्या शेतकऱ्याच्या घरात तसला आवाज नव्हता, म्हणून तुम्ही पहिल्यांदाच तो ऐकत होता. तुम्ही माझ्या हाताकडे बघत राहिलात. मग माझ्या शेजारी तुमचा हात ठेवलात आणि आपण दोघांनी टेबलावर वाजवलं, वरण निवेपर्यंत.

मग डफ घ्यायचं ठरलं, खोल आवाजाचा. सीताबर्डीच्या बाजारात गेलो. दुकानदारानं चार-पाच दाखवले, तुम्ही उजवा कान लावून लावून एक निवडला. येताना व्हेरायटी चौकात रस्ता ओलांडायचा होता आणि मी फुटपाथच्या कडेवर अडकले. मागून लोक ढकलत होते, समोर ऑटोवाले हॉर्न देत होते. मी म्हणाले, राहू द्या, थांबू थोडं. तुम्ही म्हणालात, "थांबाचं काहून?" आणि कागद फाडून तिथंच डफ वाजवायला लागलात. पाय, धोटा, फणी. मी नजर समोर ठेवून चालायला लागले. तुम्ही माझ्यापुढे उलटे चालत वाजवत होता. गर्दी बाजूला झाली. आपण पलीकडे पोचलो तर एक बाई लगबगीनं आली, डोक्यावर पदर घेतला आणि वाकून माझ्या पायांना हात लावला. मला काही कळेना. तिनं तुम्हाला विचारलं, "कोराडीची देवी आहे का हो अंगात?"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत, तिच्याकडे बघितलंत आणि अगदी गंभीरपणे म्हणालात, "हो, कोराडीचीच आहे."

मी मेट्रोत बसेपर्यंत तुमच्याशी बोलले नाही. बसल्यावर तुम्ही म्हणालात, "खोटं काय बोललो? आपण कोराडीचेच ना!" आणि मला जे हसू फुटलं ते थांबेना. समोरची मुलं आपल्याकडे बघत होती. ते दिवस आजारपणाचे होते, हे मला आता ओढून-ताणून आठवावं लागतं. आठवतं ते हे हसणं.

समाजमंदिरातल्या रविवारच्या बैठकी वानखेडेभाऊंमुळे सुरू झाल्या. तुमच्यासोबत नोकरीत होते, कोराडीतच राहतात, आणि त्यांनाही माझाच आजार. त्यांना चालवायला तुम्ही जायला लागलात. मग कोणाचे गुडघे, कोणाची झोप उडालेली, कोणाचा नवरा नुकताच गेलेला, अशी माणसं येत गेली. आधी चालणं. मग हात हलवणं, खांदे सोडणं. शेवटी सतरंजीवर सगळे डोळे मिटून पडायचे आणि तुम्ही मधोमध बसून अगदी हलक्या हातानं वाजवत राहायचात, इतकं हलकं की पंख्याचा आवाज मोठा वाटायचा. उन्हाळ्यात कूलर लावला की ओलीनं डफाचं कातडं सैल पडायचं, म्हणून तुम्ही कूलर बंद करायचात. त्या उकाड्यातही लोक झोपायचे. कोणी घोरायला लागलं की तुम्ही माझ्याकडे बघून डोळे मिचकावायचात. तुमच्या मते घोरणं ही सगळ्यांत मोठी दाद होती.

भजन मंडळातले तुम्हाला चिडवायचे. "काय भाऊ, अंगाई वाजवून राहिले का गा?" आधीचे तुम्ही असता तर तिथंच खंजिरी काढून त्यांना दाखवलं असतं. तुम्ही नुसते हसलात. त्या हसण्यानं मला कळलं की तुम्हाला खरंच हळू वाजवता यायला लागलं आहे. चालणंही हळू झालं होतं तुमचं. जेवणही. सगळा जन्म घाईत काढलेला माणूस माझ्याजवळ येऊन बसायला लागला होता. हे आजारानं दिलं असं मी म्हणणार नाही. आजाराला कशाचंही श्रेय द्यायची माझी तयारी नाही. ते तुम्ही दिलंत.

आता भांडण.

तुम्हाला वाटायचं मी बरी होते आहे. "बरी होऊन राहिली तू," प्रत्येक चांगल्या सकाळी तुम्ही म्हणायचात. मी म्हणायची, हा आजार बरा होत नाही, वाढतो. डफानं चालणं सुधारतं, आजार जात नाही. डॉक्टरही तुमच्यासमोर हेच म्हणाले होते. पण त्यांचं अर्धं वाक्य तुमच्या डाव्या कानाकडे पडलं असावं, कारण बाहेर आल्यावर तुम्ही म्हणालात, "पाह्य, डॉक्टर म्हणे सुधारणा आहे." मला राग यायचा. तुम्ही मला बरी केल्याशिवाय मानणार नाही, आणि मी बरी होणार नाही, मग आपण दोघं एका दिवशी हरणार, असं वाटायचं. मी गोळीची वेळ सांगायची, तुम्ही डफ दाखवायचात. गोळ्या तुम्ही कधी चुकवल्या नाहीत, हे मात्र खरं. एका हातात गोळी आणि दुसऱ्या हातात डफ घेऊन यायचात.

शेवटच्या दिवसांत तुम्ही नवीनच काढलंत. गल्लीत मी चालत असताना मधेच वाजवणं बंद करायचात. मी चार पावलं जायची आणि अडकायची.

"मधेच काहून बंद केलं?" माझी भाषा पुन्हा उमरेडची.

"डोक्यात चालू ठेव ना वं."

"डोक्यात नाही चालत."

"चालन. आज नाही चाललं तं उद्या चालन."

रोज हेच. मला ती परीक्षा घेतल्यासारखी वाटायची. त्या संध्याकाळी मी गल्लीच्या मधोमध उभी होते, समोरून भाजीवाला गाडी घेऊन आला आणि मला बाजूला होता येईना. त्यालाच वळसा घालून जावं लागलं. मी तुम्हाला म्हटलं, "कंटाळा आला असेल तर सरळ सांगा." तुमचा चेहरा उतरला. तुम्ही वाजवून मला घरी आणलंत, डफ खुंटीला टांगलात आणि जेवायला बसलात.

सकाळी तुम्हीच चहा केलात. मला विचारलंत, "साखर कमी झाली का?" मी म्हटलं, "बरोबर आहे." तुम्ही कप घेऊन ओट्यावर गेलात. मी आंघोळ करून आले तेव्हा तुम्ही भिंतीला टेकून बसला होता आणि कप सरळ होता, सांडला नव्हता. शेजारी आले, गाडी आली, दवाखान्यात नेलं. तिथं काही करण्यासारखं उरलं नव्हतं म्हणाले.

लोक म्हणतात, शेवटचं बोलणं गोड व्हायला हवं होतं. आपलं साखरेबद्दल झालं, ते गोडच म्हणायचं. पण मला विचारायचं होतं ते राहिलं. तुम्ही वाजवणं मधेच का थांबवायचात? छातीत आधीपासून काही होत होतं का? तुम्हाला कळलं होतं का, की मला एकटीनं चालावं लागणार आहे? की तुमचा तो नेहमीचाच हट्ट होता? प्रशांत म्हणतो, बाबांना काही त्रास असता तर त्यांनी सांगितलं असतं. मला वाटतं, नसतं सांगितलं. आम्ही दोघंही खात्रीनं काही सांगू शकत नाही. मी दोन्ही उत्तरं मनात धरून बसते. कधी तुमच्यावर चिडते, कधी डोळे भरून येतात, आणि दोन्ही वेळा तुम्ही तसेच दिसता, गल्लीत डफ छातीशी धरून, मला 'चल' म्हणणारे.

तुम्ही गेल्यावर मी डोक्यात चालू ठेवायचा प्रयत्न केला. खोटं सांगत नाही, रोज केला. पाय, धोटा, फणी, मनातल्या मनात. नाही चाललं. प्रशांत हात धरून नेतो. फोनवर ठेका लावून देतो, त्यानं थोडं जमतं, पण तो यंत्राचा ठेका माझ्या पायासाठी थांबत नाही. पाय मागे पडला की तुम्ही ठोका लांबवायचात.

आता काल सकाळचं सांगते. त्यासाठीच एवढं लिहिलं.

प्रशांत तुमच्या कागदपत्रांच्या कामानं शहरात गेला होता. फाटकाचा आवाज आला. वानखेडेभाऊ दुखवट्याला बसायला आले होते. तेरवीला त्यांना येता आलं नव्हतं, अंग फार कडक झालं होतं. त्यांची सून स्कूटरवरून त्यांना फाटकापाशी उतरवून, गाडी सावलीत लावायला पुढे गेली. मी दाराशी आले. या म्हणायला तोंड उघडलं आणि उंबरठ्यावर अडकले. बघते तर भाऊ फाटकात अडकलेले. एक हात फाटकावर, एक पाय आत, एक बाहेर.

मी म्हटलं, "या ना भाऊ."

ते म्हणाले, "येतो ना वहिनी. पाय नाही येऊन राहिले."

"माझेही नाही."

आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. मधे आपलं एवढंसं अंगण. त्यांचा चेहरा पार पडला होता, काहीतरी चांगलं बोलायचं म्हणून घरून ठरवून आले असतील. ओठ हलत होते. मग त्यांच्या तोंडून निघालं, "मनोहर असता तं दोघाईले वाजवून वाजवून बेजार केलं असतं." आणि ते हसले. मी पण हसले. हसता हसता भाऊ रडायला लागले, आणि डोळे पुसायला फाटकावरचा हात सोडला तर पडतील म्हणून तसेच रडत राहिले.

ते मला बघवेना. मी दाराच्या फळीवर तळहात मारला. पहिले काही ठोके कसेही पडले, हात थरथरत होता. मग बसला ठेका. दोन दबके, एक भरीव. भाऊंनी मान वर केली. त्यांचा बाहेरचा पाय उचलला, आत आला. मी त्यांच्या पायाकडे बघत वाजवत होते. पाय मागे पडला की ठोका लांबवत होते. तुम्ही करायचात तसं, पण तेव्हा तुमची आठवणही मनात नव्हती. पायाकडेच लक्ष होतं. भाऊ तुळशीपर्यंत आले, पायरीपर्यंत आले. पायरीवर त्यांना बसायला जागा द्यायला मी सरकले, दाराच्या फळीवरून भिंतीवर हात नेला, तिथंही वाजवत राहिले. भाऊ टेकले, तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी उंबरठ्याच्या बाहेर, ओट्यावर उभी आहे.

त्यांची सून धावत आली. सासरे पायरीवर, मी भिंतीला हात लावून, दोघांचे डोळे ओले आणि दोघंही हसताहेत. ती घाबरली. "काय झालं हो काकू?"

भाऊच बोलले. "काही नाही वं. बसायले आलो होतो, चालून राहिलो."

तर तुमचं म्हणणं होतं, डोक्यात चालेल. डोक्यात नाही चाललं, मी शेवटपर्यंत तेच सांगत होते. हातात चाललं, तेही दुसऱ्याच्या पायासाठी. हे तुम्हालाही ठाऊक नव्हतं आणि मलाही नव्हतं. तेव्हा भांडणात कोणी जिंकलं नाही, असं धरून चालू.

या रविवारी समाजमंदिर उघडायचं म्हणतात भाऊ. मी येते म्हटलं आहे. फार वेळ नाही वाजवता येणार, हात दुखतो. पण हळू वाजवायला मला शिकावं लागणार नाही.